बारावीतच एमडीची हमी: बीएस/एमडी घ्यावं की नाही, हे कसं ठरवाल?

अमेरिकेत वाढलेलं मूल ‘मला डॉक्टर व्हायचंय’ म्हणालं की भारतातले आजी-आजोबा विचारतात, ‘मग मेडिकलला कधी लागणार?’ बारावी, नीट, एमबीबीएस हा क्रम माहीत असलेल्यांना इथली वाट फार लांब वाटते. आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा, मग मेडिकल स्कूलचे अर्ज, चार वर्षांचं एमडी (इथली डॉक्टरकीची मूळ पदवी, आपल्याकडच्या एमबीबीएससारखी) आणि त्यानंतर तीन ते सात वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं विशेष प्रशिक्षण. त्यातही दरवर्षी ५० हजारांहून अधिक विद्यार्थी एमडीसाठी अर्ज करतात आणि प्रवेश मिळतो तो २३ हजारांच्या आसपास मुलांना. निम्म्याहून अधिक मुलं त्या वर्षी बाहेर राहतात.

या वाटेला एक आडवाट आहे. काही विद्यापीठं हायस्कूलच्या शेवटच्या वर्षातच पदवी आणि मेडिकल स्कूल अशा दोन्ही जागा एकाच अर्जात देतात. यालाच बीएस/एमडी किंवा बीए/एमडी म्हणतात. न्यू जर्सी, टेक्सस, बे एरिया, कुठल्याही मराठी मंडळाच्या कार्यक्रमात आठवी-नववीच्या मुलांचे आईवडील याबद्दल बोलताना भेटतील. आमच्या भागातल्या मुलांचे निबंध वाचणं आणि त्यांची मुलाखतीची तयारी करून घेणं हे काम मी आवडीने करते. माझं स्पष्ट मत सांगते: ‘हमी’ हा शब्द बाजूला ठेवून विचारा की हे कॉलेज आणि हे मेडिकल स्कूल मुलाला एरवीही आवडलं असतं का? उत्तर ‘हो’ असेल तर बीएस/एमडी उत्तम. ‘नाही’ असेल तर केवळ भीतीपोटी सात-आठ वर्षांचा करार करू नका. या उत्तरापर्यंत पोचायच्या पायऱ्या खाली दिल्या आहेत.

पायरी १: सगळ्यांत आधी इमिग्रेशन

हे पहिल्यांदा लिहितेय, कारण आपल्या समाजातली कितीतरी मुलं एच-४ वर, म्हणजे आईवडिलांच्या कामाच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आहेत. आईवडिलांचं ग्रीन कार्ड रांगेत अडकलेलं, मूल दुसरीपासून इथल्याच शाळेत. बहुतेक बीएस/एमडी कार्यक्रम अमेरिकन नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड मागतात. अपवाद थोडे आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. प्रत्येक कार्यक्रमाच्या पात्रतेच्या अटी नववी-दहावीतच वाचा, शंका असेल तर प्रवेश कार्यालयाला ईमेल करा आणि उत्तर लेखी मिळवा.

प्रवेश मिळाला तरी प्रश्न संपत नाही. एकविसाव्या वर्षी मुलाचा एच-४ संपतो. म्हणजे कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाच्या सुमाराला त्याला एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं आणि कागदोपत्री ते परदेशी विद्यार्थी ठरतं. परदेशी विद्यार्थ्यांना फेडरल कर्ज मिळत नाही, बरीच मेडिकल स्कूलं त्यांना घेत नाहीत, आणि घेणारी काही स्कूलं एक ते चार वर्षांची फी आगाऊ एस्क्रो (राखीव ठेवीच्या) खात्यात भरायला सांगतात. प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेतली तुमची तारीख) कुठे आहे आणि मूल एकविसाचं होण्याआधी काही हालचाल होईल का, हे इमिग्रेशन वकिलाला विचारा. त्या एका तासाच्या फीमध्ये पुढची बरीच धावपळ वाचते.

पायरी २: इच्छा कोणाची, ते पारखा

सतराव्या वर्षी आयुष्यभराचा व्यवसाय ठरवता येतो का? काहींना येतो. अशी मुलं मी पाहिली आहेत. रुग्णाजवळ बसणं त्यांना आवडतं आणि आजारपणातली घाण, वास, चिडचिड यांनी ती बिचकत नाहीत. उलट काही मुलं विज्ञानात हुशार असतात म्हणून घरच्यांनी त्यांना डॉक्टर ठरवून टाकलेलं असतं. दोघांचे गुण सारखे असतात, त्यामुळे मार्कशीट बघून फरक कळत नाही.

फरक कळतो तो कामातून. दहावी-अकरावीच्या उन्हाळ्यात मुलाला हॉस्पिटल, नर्सिंग होम किंवा हॉस्पिसमध्ये (अखेरच्या आजारातल्या रुग्णांच्या शुश्रूषा केंद्रात) स्वयंसेवक म्हणून पाठवा. दोन-तीन डॉक्टरांबरोबर शॅडोइंग, म्हणजे सोबत राहून त्यांचं काम बघणं, करू द्या. त्यांतला निदान एक घरोब्याचा नसावा आणि एक तरी फॅमिली मेडिसिनचा असावा, कारण ओळखीचे काका ऑपरेशन थिएटरच दाखवतात. विम्याच्या कंपनीशी फोनवर घातलेली हुज्जत आणि दिवसभराच्या नोंदी रात्री घरी बसून संगणकावर भरणं, हेही मुलाने बघायला हवं. राज्याच्या वयाच्या अटीत बसत असेल तर ईएमटीचा (रुग्णवाहिकेवर तातडीचे उपचार करणाऱ्याचा) कोर्स फार चांगला. रुग्णवाहिकेवर काही महिने काढलेल्या मुलाला मुलाखतीत ‘डॉक्टरच का?’ हा प्रश्न पाठ करून जावा लागत नाही.

मग घरात एक प्रश्न विचारा आणि उत्तर मध्येच तोडू नका: ‘मेडिकल नसतंच, तर तू काय शिकला असतास?’ मूल उत्साहाने अर्थशास्त्र, संगीत किंवा कॉम्प्युटर सायन्सबद्दल बोलू लागलं तर घाबरायचं कारण नाही. कुठल्या प्रकारचा कार्यक्रम शोधायचा हे त्यातून कळतं. ब्राउन विद्यापीठाचा पीएलएमई हा आठ वर्षांचा बीए/एमडी कार्यक्रम अशाच मुलांसाठी आहे. तिथे मुख्य विषय कुठलाही घेता येतो आणि एमकॅट द्यावी लागत नाही. सिएना विद्यापीठ (पूर्वीचं सिएना कॉलेज) आणि ऑल्बनी मेडिकल कॉलेजचा आठ वर्षांचा कार्यक्रम मानव्यविद्या आणि समाजसेवेवर भर देतो. त्याच ऑल्बनीचा आरपीआय (रेन्सेलर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूट) बरोबरचा सात वर्षांचा कार्यक्रम संशोधनाकडे झुकणाऱ्यांसाठी आहे. न्यूयॉर्कच्या क्यूनी (सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्क) स्कूल ऑफ मेडिसिनचा सात वर्षांचा अभ्यासक्रम डॉक्टरांची उणीव असलेल्या वस्त्यांमध्ये प्राथमिक आरोग्यसेवा देणारे डॉक्टर घडवण्यासाठी उभा राहिला. ज्या मुलाला तसलं काम करायचंच नाही, त्याने केवळ फी कमी म्हणून तिथे अर्ज करू नये. ते त्या मुलावर अन्यायाचं आहे आणि ज्याची जागा अडेल त्याच्यावरही.

पायरी ३: हमीपत्रातल्या अटी वाचा

प्रवेशपत्र आलं की घरात पेढे वाटले जातात आणि अटींचं पान कुणी उघडत नाही. खरा निर्णय त्याच पानावर असतो. ‘हमी’ सगळीकडे सारखी नसते. कुठे ती खरोखर भक्कम असते, तर कुठे मेडिकल स्कूलच्या मुलाखतीपर्यंत पोचण्याची फक्त सोय असते.

प्रत्येक कार्यक्रमासाठी एक कागद करा आणि पुढच्या प्रश्नांची उत्तरं लिहून काढा. किमान जीपीए (४ पैकी सरासरी गुणांक) किती? ३.४ टिकवणं आणि ३.७ टिकवणं यांत रात्रीच्या झोपेचा फरक आहे. तो दर सेमिस्टरला मोजतात की शेवटी एकदाच? विज्ञानाचा वेगळा मोजतात का? ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एकदा ‘सी’ आला तर काय होतं: ताकीद, सुधारण्यासाठी एका सत्राची मुदत, की जागाच जाते? एमकॅट द्यायची आहे का, आणि दिली तर ठरावीक गुण आवश्यक आहेत का? हॉफस्ट्रा विद्यापीठाच्या आठ वर्षांच्या कार्यक्रमासारख्या काही ठिकाणी एमकॅट चुकत नाही. एमकॅटची अट मोठी असेल तर तुम्हाला मिळालेली हमी बरीच पातळ झाली, हे ओळखा. एमकॅट साडेसात तासांची परीक्षा आहे, ४७२ ते ५२८ गुणांची. एमडीला प्रवेश मिळवणाऱ्यांची सरासरी ५११-५१२ च्या घरात असते.

त्यानंतर सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: बाहेरच्या मेडिकल स्कूलना अर्ज करता येतो का? काही कार्यक्रम मुभा देतात, काही ठिकाणी बाहेर अर्ज केला की राखीव जागा सुटते. अठराव्या वर्षी हा मुद्दा क्षुल्लक वाटतो. पण मूल कॉलेजात फुललं, संशोधनात चमकलं, तर एकविसाव्या वर्षी त्याला मोठी दारं खुणावतात, आणि तेव्हा हे कलम आडवं येतं.

मेडिकलची वाट सोडली तर पदवी पूर्ण करून बाहेर पडता येतं का, हेही विचारा. आठ वर्षांच्या कार्यक्रमात सहसा अडचण येत नाही. सहा-सात वर्षांच्या रचनेत पदवीचे आणि मेडिकलचे विषय एकमेकांत गुंफलेले असतात, तिथे मध्येच सोडणं महागात पडू शकतं. ‘पहिल्या वर्षी आलेल्यांपैकी किती जण एमडी होऊन बाहेर पडतात?’ हा प्रश्न माहिती सत्रात थेट विचारा. चांगला कार्यक्रम चालवणारे लोक आकडा सांगतात. उत्तर गोलगोल आलं तर तेही लिहून ठेवा.

आणखी एक गोष्ट. हे कार्यक्रम कायमचे नसतात. नॉर्थवेस्टर्नचा १९६१ पासून चाललेला नामांकित बीए/एमडी कार्यक्रम एचपीएमई बंद झाला. त्यामुळे थोरल्या भावंडाच्या वेळची यादी धाकट्यासाठी वापरू नका. चालू वर्षाची अधिकृत माहितीच ग्राह्य धरा.

पायरी ४: सहा, सात की आठ वर्षं

मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेचा सहा वर्षांचा बीए/एमडी १९७१ पासून चालू आहे. वयाच्या चोविसाव्या वर्षी एमडी! आपल्याकडच्या एमबीबीएसच्या सर्वांत जवळ जाणारी ही रचना, म्हणून मराठी घरांना ती ओळखीची वाटते. पण उन्हाळी सुट्ट्या जवळपास नसतात आणि रुग्णांशी गाठ फार लवकर पडते. ज्या मुलाची आवड पायरी २ मध्ये पक्की दिसली त्याला हे मानवतं. जे मूल घरापासून दूर पहिल्यांदाच राहणार आहे, ज्याला अजून स्वतःचं वेळापत्रक सांभाळता येत नाही, त्याच्यासाठी मी आठ वर्षांचाच कार्यक्रम सुचवते. एमडीला प्रवेश घेणाऱ्या इतर मुलांपैकी निम्म्याहून अधिक जण आजकाल पदवीनंतर एक-दोन वर्षं काम करून मगच आत येतात. चोविसाव्या वर्षी मेडिकलला सुरुवात करणं इथे अगदी नेहमीचं आहे.

पायरी ५: पैसे

हा हिशेब मुलासमोर करा. मुलांना आकडे कळतात, आणि कळायला हवेत.

समजा, एक मूल राज्याच्या विद्यापीठात रहिवासी दराने शिकलं. राहण्याजेवणासह वर्षाला ३५ हजार डॉलर धरले तर चार वर्षांचे १ लाख ४० हजार होतात. नंतर राज्याचं मेडिकल स्कूल, वर्षाला ७० हजार, म्हणजे २ लाख ८० हजार. एकूण ४ लाख २० हजार. दुसरं मूल खासगी विद्यापीठाच्या आठ वर्षांच्या कार्यक्रमात गेलं. ब्राउनसारख्या विद्यापीठात पदवीचा वर्षाचा एकूण खर्च ९० हजारांच्या पुढे आहे. चार वर्षांचे ३ लाख ६० हजार, आणि मेडिकलची चार वर्षं ९५ हजारांनी धरली तर ३ लाख ८० हजार. एकूण ७ लाख ४० हजार. फरक ३ लाख २० हजार डॉलरचा. उत्पन्नानुसार मदत मिळाली तर चित्र पूर्ण बदलतं, म्हणून प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता तुम्हाला पडणारा खर्च सांगणारा तक्ता) भरा. पण दोघे आयटीत असलेल्या घरांना ती मदत फारशी मिळत नाही, हे वास्तव आहे.

कर्जाचे नियमही बदलले आहेत. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्यानुसार १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचं फेडरल कर्ज बंद. मेडिकलच्या विद्यार्थ्याला वर्षाला जास्तीत जास्त ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरच फेडरल कर्ज मिळेल. आईवडिलांच्या पेरेंट प्लस कर्जालाही एका मुलामागे वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजारांची मर्यादा आली. पूर्वी ‘नंतर कर्ज काढू, डॉक्टर झाल्यावर फिटेल’ असं म्हणता येत असे. आता वर्षाला ९५ हजार खर्च असलेल्या मेडिकल स्कूलमध्ये ४५ हजारांची तूट खासगी कर्जाने किंवा स्वतःच्या खिशातून भरावी लागेल. कार्यक्रमात पदवीची चार वर्षंच नव्हे, मेडिकलची चारही वर्षं कशी भरणार, हे बारावीतच लिहून काढा. निवृत्तीच्या खात्याला आणि पुण्यातल्या फ्लॅटला हात लावणार असाल तर ते मुलाला माहीत असू द्या.

एक बाजू सहसा नजरेआड राहते. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या (एनवाययू) मेडिकल स्कूलने २०१८ मध्ये सर्वांची फी माफ केली. ब्रॉन्क्समधल्या आल्बर्ट आइनस्टाइनने २०२४ मध्ये एक अब्ज डॉलरच्या देणगीतून तेच केलं. जॉन्स हॉपकिन्सनेही त्याच वर्षी ३ लाख डॉलरहून कमी उत्पन्न असलेल्या घरांतल्या विद्यार्थ्यांची फी माफ करायचं ठरवलं. तिथे प्रवेश मिळणं अत्यंत कठीण आहे, पण बाहेर अर्ज न करण्याच्या अटीवर सही केली की ती शक्यता संपते. मूल खरोखर असामान्य असेल तर हा विचार करायलाच हवा.

पायरी ६: पर्याय शेजारी मांडून बघा

बीएस/एमडी मिळालं नाही म्हणजे डॉक्टर होता येणार नाही, असा समज काही घरांत इतका घट्ट असतो की मुलं एप्रिलमध्ये अक्षरशः कोलमडतात. हे टाळायचं असेल तर पर्याय अकरावीतच मांडा.

पहिला पर्याय नेहमीचा: राज्याचं चांगलं विद्यापीठ, जमल्यास ऑनर्स कॉलेज, शिष्यवृत्ती आणि मनाजोगता विषय. टेक्ससमध्ये राहणाऱ्यांना याचा विशेष फायदा, कारण तिथल्या सरकारी मेडिकल स्कूलांमध्ये परराज्यातल्यांना जास्तीत जास्त १० टक्के जागा देता येतात आणि फीही तुलनेने कमी आहे. टेक्ससच्या मुलाने भरमसाट पैसे देऊन परराज्यात बीएस/एमडी घ्यावं, असं मला क्वचितच वाटतं.

दुसरा पर्याय अर्ली अश्युरन्सचा, म्हणजे कॉलेजात असतानाच मेडिकलची जागा पक्की करण्याचा. माउंट सायनायच्या फ्लेक्समेडमध्ये कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी अर्ज करता येतो आणि एमकॅट लागत नाही. सतराऐवजी एकोणिसाव्या वर्षी निर्णय घेता येतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

तिसरा, डीओचा (ऑस्टिओपॅथिक मेडिसिनची पदवी). न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारख्या संस्थांचे बीएस/डीओ कार्यक्रम आहेत. डीओ डॉक्टरला एमडीइतकेच अधिकार असतात आणि २०२० पासून दोघांच्या रेसिडेन्सीची मान्यता एकाच छताखाली आली आहे. ‘एमडी नाही का?’ असं विचारून नाक मुरडणाऱ्या नातेवाइकांकडे लक्ष देऊ नका.

भारतात एमबीबीएस करून परत येण्याचा विचारही पुढे येतो. मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड मिळालेल्या मुलांना नीट देऊन एनआरआय किंवा अधिसंख्य जागांवरच प्रवेश मिळतो. परत आल्यावर रेसिडेन्सीत जागा मिळण्याचं प्रमाण अमेरिकन एमडींमध्ये ९० टक्क्यांच्या वर, तर बाहेरून शिकून आलेल्यांमध्ये ६० टक्क्यांच्या आसपास असतं. भारतातच राहून काम करायचं असेल तर गोष्ट वेगळी.

पायरी ७: अर्ज करायचाच, तर

बऱ्याच कार्यक्रमांत शंभर अर्जांमागे पाच जागाही नसतात. म्हणून पंचवीस ठिकाणी अर्ज टाकण्यापेक्षा पायरी ३ मध्ये टिकलेले सहा-आठ कार्यक्रम निवडा आणि बाकीचे अर्ज साध्या कॉलेजांना करा. अर्ज ऑगस्टमध्ये उघडतात, बऱ्याच ठिकाणी शेवटची तारीख १ नोव्हेंबरच्या आसपास असते. प्रत्येक कार्यक्रमाचे वेगळे निबंध असतात, तेव्हा बारावीआधीच्या उन्हाळ्यात निम्मे लिहून झालेले हवेत. रेकमेंडेशन देणाऱ्या शिक्षकांना मे महिन्यातच विचारा.

निबंधात आजोबांचा हृदयविकार आणि त्यातून मिळालेली प्रेरणा मी इतक्यांदा वाचली आहे की आता ती वाचताना डोळे पुढे सरकतात. मुलाने स्वतः केलेल्या कामातली एक छोटी गोष्ट, अगदी नर्सिंग होममधल्या आजींना जेवण भरवताना काय लक्षात आलं एवढीच, जास्त बोलते. निबंध आईवडिलांनी लिहू नयेत. पंचेचाळिशीतलं इंग्रजी लगेच ओळखू येतं.

जानेवारी ते मार्च मुलाखती. ‘इतक्या लवकर का ठरवलंस?’ हा प्रश्न येणारच. काही ठिकाणी छोट्या-छोट्या मुलाखतींची साखळी असते, त्यात नैतिक पेच देतात: मित्र परीक्षेत कॉपी करताना दिसला तर? घरी जेवताना अशा प्रश्नांवर मुलाशी गप्पा मारा, आणि मराठीतच मारा. विचार आधी स्वच्छ झाला की इंग्रजीत सांगणं जमतं.

पायरी ८: एप्रिलमधला निर्णय

बहुतेक उत्तरं १ एप्रिलपर्यंत येतात आणि १ मेपर्यंत होकार कळवायचा असतो. या महिन्यात मुलाला कॅम्पसवर न्या आणि कार्यक्रमातल्या तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याशी एकट्याला बोलू द्या. तुम्ही तेवढ्या वेळात कॉफी प्या. मेडिकल स्कूलची इमारतही बघून या, कारण अर्धी वर्षं तिथे जाणार आहेत आणि बहुतेक घरं फक्त पदवीचं कॅम्पस बघून परत येतात. त्या मेडिकल स्कूलचं स्वतःचं हॉस्पिटल आहे का, तिथे त्वचारोग, अस्थिरोग, न्यूरोसर्जरी अशा विषयांच्या स्वतःच्या रेसिडेन्सी आहेत का, हे विचारा. २६ जानेवारी २०२२ पासून यूएसएमएलई या डॉक्टरकीच्या परवाना परीक्षेच्या स्टेप १ (पहिल्या टप्प्या) मध्ये गुण दिसत नाहीत, फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण कळतं. त्यामुळे चुरशीच्या शाखांसाठी स्टेप २, संशोधन आणि विभागातल्या प्राध्यापकांचा आधार यांचं वजन वाढलं आहे. स्वतःच्या हॉस्पिटलात तो विभागच नसेल तर मुलाला या सगळ्यासाठी दुसऱ्या गावी जाऊन दारं ठोठवावी लागतात.

शेवटी आई, बाबा आणि मूल, तिघांनी वेगवेगळ्या कागदांवर आपापली पसंती आणि तिचं एक कारण लिहा, मग कागद एकत्र उघडा. मुलाच्या कागदावर ‘टेन्शन नको’ एवढंच कारण असेल तर पायरी २ वर परत जा आणि तिथल्या प्रश्नावर एक संध्याकाळ घालवा. त्याने एखाद्या प्रयोगशाळेचं, एखाद्या प्राध्यापकाचं, तिथल्या एखाद्या दवाखान्याचं नाव लिहिलं असेल तर डिपॉझिट भरा. भरण्याआधी हमीपत्रातल्या जीपीए, एमकॅट आणि बाहेर अर्ज करण्याच्या अटींची प्रत मुलाच्या हातात द्या आणि ती त्याला मोठ्याने वाचायला सांगा. सही त्याची आहे.